पुण्यात आयपीटीचा थेरपिस्ट कसा शोधायचा

दोन वर्षांपूर्वी मनोविकारतज्ज्ञांनी माझ्या गोळ्यांच्या चिठ्ठीखाली तीन इंग्रजी अक्षरं लिहून दिली होती: आयपीटी, म्हणजे इंटरपर्सनल थेरपी. "गोळ्या सुरू करू, पण तुमचं दुखणं माणसांत अडकलंय. ही थेरपी करणारं कुणी मिळतंय का बघा," एवढंच ते म्हणाले. बाहेर पुढच्या पेशंटची रांग होती. ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन मी तीन आठवडे हिंडले. कोथरूडपासून खराडीपर्यंत पंधरा-वीस ठिकाणी फोन केले. निम्म्या ठिकाणी "ते काय असतं?" असं मलाच विचारलं. बाकीच्यांनी "हो हो, करतो की" म्हटलं, आणि हे दुसरं उत्तर मला पहिल्यापेक्षा महागात पडलं.

मी मूळची बार्शीची, नोकरीसाठी पुण्यात आले. बाबा गेले आणि वर्षाच्या आत घराच्या वाटणीवरून दादाशी बोलणं तुटलं. झोप गेली, जेवण गेलं, ऑफिसात एकच मेल चारदा वाचायची तरी कळायचा नाही. शेवटी जिथे पोचले तिथे चौदा सेशन झाली आणि मी सावरले. तो शोध पुन्हा करायची वेळ आली तर कसा करीन, ते इथे लिहिते आहे. ज्यांनी थेरपिस्टचं दार कधी पाहिलेलं नाही आणि पुण्यातही ज्यांची फारशी ओळख नाही, त्यांच्यासाठी.

बाकी सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगते. "आयपीटी" असं लिहिलेली पाटी शोधू नका. तुम्ही काम कसं करता, हे विचारत जा.

शोधाच्याही आधी

जीव द्यावासा वाटतोय, त्याचे मार्ग मनात घोळतायत, किंवा जवळचं माणूस तसं बोलतंय, तर हा लेख इथेच सोडा. १४४१६ हा टेली मानसचा नंबर फिरवा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२, किंवा ससून या सरकारी हॉस्पिटलची अथवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. त्या माणसाला एकटं सोडू नका. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लोक हॉस्पिटल टाळतात, हे मी आमच्याच भावकीत पाहिलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही. त्यामुळे ती भीती बाजूला ठेवा.

थेरपी आठवड्याला एकदा असते. ज्याला आजची रात्र काढायची आहे, त्याला आधी आजचा आधार लागतो.

ही थेरपी नेमकी काय करते

हे थोडं सविस्तर समजून घ्या, कारण पुढे फोनवर समोरचा माणूस खरं बोलतोय की वेळ मारून नेतोय हे ओळखायला हेच उपयोगी पडतं.

१९७० च्या दशकात अमेरिकेत जेराल्ड क्लर्मन हे मनोविकारतज्ज्ञ आणि मिर्ना वाइसमन या संशोधक डिप्रेशनच्या गोळ्यांवर अभ्यास करत होते. गोळ्यांच्या जोडीला बोलण्याचा उपचारही तपासायचा होता, पण तो सगळ्या पेशंटना एकसारखा मिळायला हवा, म्हणून त्यांनी त्याची पद्धत लिहून काढली. त्यातून ही थेरपी घडत गेली आणि १९८४ मध्ये तिची पूर्ण मार्गदर्शिका पुस्तकरूपाने आली. पुढे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या मोठ्या अभ्यासात ती गोळ्या आणि सीबीटी (विचारांच्या सवयींवर काम करणारी दुसरी एक थेरपी) यांच्या बरोबरीने तपासली गेली. ही गोष्ट फक्त गोऱ्यांच्या देशातली आहे असंही समजू नका. युगांडातल्या तीस खेड्यांत गटाने बसून हीच थेरपी करून पाहिली, तो अभ्यास २००३ साली आला. आपल्या शेजारी गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी डिप्रेशनवर जे काम केलं, त्यातही आयपीटी हा एक भाग होता. तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

तिचं म्हणणं साधं आहे. डिप्रेशन हा आजार आहे, तुमचा आळस किंवा कमकुवतपणा नाही. तो सुरू झाला तेव्हा आयुष्यातल्या माणसांमध्ये काहीतरी घडलेलं असतं. त्या घटनेने मन खचतं, खचलेल्या मनाने आपण माणसांशी आणखी तुटक वागतो, त्याने मन आणखी खचतं. हे चक्र आजच्या नात्यांपासून सोडवायचं. मुदत ठरलेली असते, साधारण बारा ते सोळा आठवडे. थेरपिस्ट तुमच्यासोबत चारपैकी एक, फार तर दोन मुद्दे निवडतो आणि तेवढ्यावरच काम करतो:

शोक. जवळचं माणूस गेलंय आणि दुःख जागच्या जागी गोठलंय. तेरावा झाला, चौदाव्या दिवशी ऑफिस गाठलं, आणि त्यानंतर त्या माणसाचं नावही कुणी घरात काढत नाही.

वाद. नवरा-बायको, सासू-सून, भाऊ-बहीण, बॉस. एकमेकांकडून अपेक्षा वेगळ्या आहेत आणि गाडी तिथेच रुतलीय.

भूमिकेतला बदल. लग्न, बाळंतपण, बदली, घटस्फोट, निवृत्ती, मोठं आजारपण. लातूरहून हिंजवडीत आलेल्या मुलाला नोकरी चांगली लागलेली असते, सगळे अभिनंदन करतात, आणि तो रात्री रूमवर रडतो. बदल आनंदाचा असला तरी जुनं काहीतरी सुटलेलं असतं.

एकटेपणा. वरच्यापैकी काहीच घडलेलं नाही, पण जवळचं म्हणावं असं माणूसच नाही, नाती जुळत नाहीत किंवा टिकत नाहीत.

माझ्या बाबतीत पहिले दोन होते. पहिल्या भेटीत मी फक्त दादाबद्दल बोलले होते. बाबांबद्दल मी रडलेच नव्हते, हे चौथ्या सेशनला उमगलं.

ही जोडप्याची थेरपी नाही. बहुतेक वेळा तुम्ही एकटेच जाता, कधी गरज वाटली तर घरच्या माणसाला एखाद्या सेशनला बोलावतात. लहानपण उकरून काढण्यावर तिचा भर नसतो. सीबीटीसारखे विचारांचे तक्ते भरायचे नसतात. मुख्य त्रास हात धुण्या-तपासण्याच्या ओसीडीचा असेल तर ही तुमची पहिली थेरपी नव्हे. दारू सुटत नसेल तर आधी व्यसनमुक्तीचं दार ठोठवा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण ते काम करतंय. बायपोलर आजार असेल तर आयपीटीला झोपेच्या आणि दिनक्रमाच्या लयीची जोड दिलेला वेगळा प्रकार आहे, त्यामुळे आजाराचं नाव आधीच स्पष्ट सांगा. बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनमध्ये मात्र ही थेरपी चांगली तपासली गेली आहे. माहेरी आराम करूनही रडू थांबत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर "होतं असं सगळ्यांना" ऐकून गप्प बसू नका.

रक्त तपासा, मग मन

आधी फॅमिली डॉक्टरकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ बघून घ्या. थायरॉइड बिघडलं की माणूस डिप्रेशन असल्यासारखाच सुस्त आणि उदास होतो. मग एकदा मनोविकारतज्ज्ञांकडून निदान करून घ्या. गोळ्या घ्यायच्याच असं नाही, पण आजार कोणता आणि किती, हे माहीत झालं की पुढची निवड सोपी जाते. गोळ्या आणि आयपीटी एकत्र चालतात. चालू असलेल्या गोळ्या थेरपी सुरू झाली म्हणून मनाने बंद करू नका.

पाटीवरच्या पदव्या

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर. इथे सांगितलेल्या तिघांत गोळ्या हेच देऊ शकतात. त्यांची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हे डॉक्टर नव्हेत, पण निदानाचं आणि थेरपीचं प्रशिक्षण हॉस्पिटलात घेतलेले असतात, बहुतेकांचं एम.फिल. झालेलं असतं. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे हवी. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव तपासा. यात कुणाचा अपमान होत नाही. गावाकडे आपण सातबारा बघितल्याशिवाय जमिनीचं बोलतो का?

समुपदेशक किंवा काउन्सेलर ही पाटी मात्र फार सैल आहे. मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली माणसंही ती लावतात आणि शनिवार-रविवारचा कोर्स केलेलीही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात या क्षेत्राचाही समावेश झालाय, पण आज तरी चौकशी आपल्यालाच करावी लागते. मला ज्यांच्याकडे गुण आला त्या समुपदेशकच होत्या. त्यांनी पहिल्याच फोनवर, मी न विचारता, कुठे शिकल्या आणि आजही कुणाच्या देखरेखीत काम करतात ते सांगितलं.

पुण्यात कुठे बघायचं

पैशाची अडचण असेल तर सुरुवात ससूनपासून करा. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. पुणे स्टेशन मेट्रोपासून चालत जाता येतं. त्याच आवारात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे, तिथे क्लिनिकल सायकॉलॉजीचे विद्यार्थी शिकतात. येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक दचकतात, पण तिथेही ओपीडी आहे, तपासून औषध घेऊन माणसं घरी जातात. धनकवडीच्या भारती हॉस्पिटलमध्ये, पिंपरीच्या डी. वाय. पाटीलमध्ये मानसोपचार विभाग आहेत.

सरकारी ओपीडीत गर्दी असते. दर आठवड्याला पाऊण तास, सलग तीन-चार महिने, एकाच माणसासमोर बसायला मिळेल अशी अपेक्षा धरून गेलात तर निराश व्हाल. पण निदान होतं, औषधं परवडतात, आणि "नात्यांच्या प्रश्नांवर नियमित थेरपी करणारं कुणी आहे का?" असं थेट विचारलं तर नावं मिळतात. शिकवणाऱ्या संस्थेत शिकाऊ थेरपिस्टबद्दलही विचारा. शिकाऊ म्हणून नाक मुरडू नका. त्याच्या प्रत्येक केसवर वरिष्ठांची नजर असते, शिवाय तो पद्धत नुकतीच शिकलेला असतो आणि ती पाळतोही.

खासगीत मला सगळ्यात खात्रीचा वाटलेला रस्ता म्हणजे मनोविकारतज्ज्ञांकडूनच दोन-तीन नावं घेणं. एकच नाव घेऊन उठू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोन-सेवा आहे. तिथे बोलता येतं आणि लोकांनी सुचवलेल्या मानसोपचार व्यावसायिकांची यादीही त्यांनी तयार केली आहे. तुम्ही आयटीत असाल तर कंपनीकडून काही सेशन फुकट मिळतात का ते एचआरच्या कागदांत बघा. मात्र ती बहुधा मोजकी असतात, आणि बारा आठवड्यांचं काम चार सेशनमध्ये बसत नाही. ती संपल्यावर त्याच व्यक्तीकडे स्वतःच्या खर्चाने जाता येईल का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. कॉलेजात असाल तर समुपदेशन कक्षातून सुरुवात करायला हरकत नाही.

ऑनलाइन शोधताना शहराची अट काढून टाका. पुण्यात मिळालं नाही तर मुंबई, नाशिक, नागपूर, कुठलाही मराठी बोलणारा थेरपिस्ट चालतो. फक्त तुमच्याकडे दार लावून बसता येईल अशी खोली हवी. माझ्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणीने सहा सेशन सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून केली.

एका सापळ्याबद्दल सावध करते. थेरपिस्टच्या माहितीत "इंटरपर्सनल इश्यूज" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की ते नात्यांच्या तक्रारी ऐकतात. ती आयपीटी नव्हे. माझे पहिले तीन हजार रुपये या गोंधळात गेले. दोन सेशनमध्ये मला सकाळी आरशासमोर म्हणायची वाक्यं दिली गेली. दादाचं नावसुद्धा विचारलं गेलं नाही.

पहिला मेसेज

फोन करायला धीर होत नसेल तर मेसेज करा. बहुतेक थेरपिस्ट सेशनमध्ये असतात, त्यांनाही मेसेजच सोयीचा पडतो. मी शेवटी जो पाठवला, तो साधारण असा होता, हवा तसा बदलून घ्या:

"नमस्कार. मी ३४ वर्षांची आहे, सिंहगड रोडला राहते. चार महिन्यांपासून डिप्रेशनचा त्रास आहे, मनोविकारतज्ज्ञांकडे गोळ्या सुरू आहेत. त्यांनी आयपीटी सुचवली आहे. वडिलांचं निधन आणि भावाशी वाद, या दोन गोष्टींनंतर त्रास सुरू झाला. आपण आयपीटी किंवा त्या पद्धतीने ठरावीक मुदतीचं काम करता का? सेशन मराठीत होईल का? फी आणि मोकळी वेळ कळवाल का? आपण करत नसाल तर कुणाचं नाव सुचवू शकाल का?"

शेवटचा प्रश्न गाळू नका. मला योग्य माणूस "मी करत नाही, पण..." असं उत्तर देणाऱ्या एका बाईंमुळेच मिळाला.

फोनवर काय विचारायचं, आणि उत्तर कसं ऐकायचं

प्रश्न चारच पुरतात. साधारण किती सेशन लागतील? पहिल्या दोन-तीन भेटींत आपण काय करतो? मधे फरक पडतोय की नाही हे कसं बघता? आयपीटी कुठे शिकलात?

ज्याला ही पद्धत माहीत आहे तो पहिल्या प्रश्नाला आकडा सांगतो, बारा, सोळा, क्वचित आठ. "ते पेशंटवर असतं, सुरू तर करा" हे उत्तर इतर थेरपींमध्ये खरं असू शकतं, आयपीटीत बसत नाही. दुसऱ्या प्रश्नाला "तुमच्या आयुष्यातली माणसं समजून घेऊ, त्रास कधी सुरू झाला त्याचा आणि घटनांचा मेळ घालू, मग एक मुद्दा ठरवू" अशा अर्थाचं काही यायला हवं. तिसऱ्याला एखाद्या प्रश्नावलीचं नाव येईल, बहुधा डिप्रेशन किती आहे ते मोजणारी पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, शून्य ते सत्तावीस गुण, मराठीतही मिळते. दहा किंवा जास्त गुण म्हणजे त्रास लक्ष देण्याजोगा.

चौथ्या प्रश्नाला "परदेशी संस्थेचं प्रमाणपत्र आहे" असं ऐकायला मिळालं नाही तर फोन ठेवू नका. आपल्याकडे आयपीटीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेली माणसं थोडी आहेत. कार्यशाळा केली, मार्गदर्शिका वापरून वरिष्ठांच्या देखरेखीत केसेस केल्या, असं सांगणारा माणूस चांगला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गटातल्या आयपीटीची आठ सेशनची मार्गदर्शिका सगळ्यांसाठी फुकट खुली केली आहे. ती वाचली आहे का, एवढं विचारलं तरी बोलणं पुढे सरकतं. आणि "मी आयपीटी म्हणून करत नाही, पण शोक आणि नात्यांच्या बदलांवर ठरावीक मुदतीत काम करते" असं कुणी प्रामाणिकपणे म्हणालं, तर "सगळ्या थेरपी करतो" म्हणणाऱ्यापेक्षा त्यांच्याकडे जा.

भाषा

हा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता, म्हणून यावर जरा रेंगाळते.

पुण्यातले पुष्कळ थेरपिस्ट इंग्रजीत काम करतात. मराठी घरातलेही. शिक्षण इंग्रजीत झालेलं असतं, मनाबद्दल बोलायचे शब्द त्यांच्याकडे इंग्रजीतच असतात. इतर वेळी चालून जाईल. आयपीटीत मात्र एक काम पुन्हा पुन्हा करतात: बिनसलेला एखादा संवाद शब्दाशब्दाने उभा करायचा. तो काय म्हणाला, मग तुम्ही काय म्हणालात, कुठल्या आवाजात, तेव्हा तुम्हाला काय वाटलं, तुम्हाला खरं काय म्हणायचं होतं.

आमच्या भांडणातलं दादाचं वाक्य होतं, "तुला काय, तू पुण्यात." चार शब्द. त्यात बाबांच्या आजारपणात रात्री जागल्याचा शीण होता, माझ्या पगाराबद्दलचा सल होता, आणि घरात एकटं पडल्याची भीती होती. हे मी एका इंग्रजीत बोलणाऱ्या थेरपिस्टला सांगायला गेले, तर वाक्य माझ्याच तोंडात मेलं. आणि त्यावर मी काय म्हणाले होते? "बघू." आपल्याकडे "बघू" म्हणजे नाही, हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. मराठीत काम करणाऱ्या माझ्या थेरपिस्ट तिथेच थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या 'बघू'च्या जागी काय म्हणायचं होतं?" पुढची तीन सेशन आम्ही त्या एका शब्दावर होतो.

म्हणून सेशन मराठीत होईल का, हे आधी विचारा, आणि "मराठी समजतं" एवढ्यावर समाधान मानू नका. थेरपिस्ट स्वतः मराठीत प्रश्न विचारतात का, ते बघा. शिवाय तुमची बोली नांदेडची असो, कोकणातली असो, ती लपवू नका. पुण्यात आल्यावर आपण "न" आणि "ण" सांभाळत बोलायला लागतो. ऑफिसात ठीक आहे. पण थेरपिस्टसमोर शुद्ध बोलायची धडपड सुरू झाली की खरं दुखणं बाहेर येत नाही. मी चक्क विचारलं होतं, "मी आमच्याकडचं बोलले तर चालेल ना?" त्यांच्या उत्तरापेक्षा त्यांच्या हसण्यावरून मला कळलं, की इथे बोलता येईल.

पहिल्या तीन भेटी

जाण्याआधी घरी एक कागद घ्या. मधे स्वतःला लिहा, भोवती वर्तुळं काढा, आणि आज तुमच्या आयुष्यात असलेली माणसं जवळ-लांब मांडा. गेलेल्या माणसांनाही जागा द्या. प्रत्येकाशी शेवटचं नीट बोलणं कधी झालं ते बाजूला लिहा. दुसऱ्या कागदावर त्रासाच्या तारखा: झोप कधी बिघडली, त्याच्या आगेमागे काय घडलं. अचूक तारीख नको, "गणपतीच्या आधी", "दादाच्या फोननंतर" एवढं पुरे. थेरपिस्टला पहिल्या दोन-तीन भेटींत हेच हवं असतं, आणि तुमचा अर्धा तास वाचतो.

तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत थेरपिस्टने तुम्हाला साध्या शब्दांत सांगायला हवं की त्यांच्या मते त्रासाचा धागा कुठे आहे, कुठल्या मुद्द्यावर काम करू आणि किती आठवडे. तुम्हाला ते पटलं नाही तर सांगा. ठरवणं दोघांचं असतं.

मधल्या काळात त्रास थोडा वाढल्यासारखा वाटू शकतो. बाबांची डायरी उघडल्यावर मी दोन दिवस कामावर गेले नाही. असं झालं तर सेशन रद्द करू नका, तेच सेशन सगळ्यात जास्त लागतं.

पैसे, वेळ, अंतर

खासगीत साधारण हजार ते अडीच हजार रुपये एका सेशनचे धरा, अनुभवी व्यक्तीकडे आणखी जास्त. बाराने गुणा आणि मगच सुरू करा. आयपीटीची मुदत ठरलेली असल्यामुळे हा हिशोब आधीच करता येतो, हा तिचा मोठा फायदा. सहा सेशननंतर पैसे संपून मधेच तुटण्यापेक्षा "माझ्याकडे एवढेच आहेत, त्यात काय होईल?" हे आधी विचारलेलं बरं. फीमध्ये सवलत विचारायला लाजू नका, अनेक जण काही जागा कमी फीच्या ठेवतात. मात्र पूर्ण पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका.

विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरावं, असं २०१७ चा कायदा सांगतो. पण बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच खर्च देतात. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च आहे का, ते बघा आणि पावती नोंदणी क्रमांकासह घ्या.

अंतराबद्दल एकच सांगते. संध्याकाळी सहाला हडपसरहून औंधला पोचायचं ठरवू नका. चौथ्या आठवड्यात तुम्ही जाणं सोडाल. सकाळी ऑफिसआधीची वेळ, किंवा मेट्रोच्या वाटेवरचं क्लिनिक, किंवा आलटून-पालटून ऑनलाइन. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ धरून ठेवा.

घरी काय सांगायचं

सांगायलाच हवं असं नाही. तुम्ही सज्ञान असाल तर थेरपिस्ट तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना काही सांगणार नाही. मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल गुप्ततेचा हक्क २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद होतो, तो कसा, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मी आईला "डॉक्टरांनी दर बुधवारी बोलावलंय" एवढंच सांगितलं होतं. आठव्या आठवड्यात तीच म्हणाली, "बुधवारी तू बरी असतेस."

कधी उठून यायचं

दुसऱ्या पेशंटची गोष्ट नावानिशी सांगितली, नवऱ्याला सोड किंवा सासूशी जुळवून घे असा हुकूम दिला, खडा-अंगारा सुचवला, गोळ्या बंद करायला लावल्या, अंगचटीला आले: यातलं एकही घडलं तर पुन्हा जाऊ नका. शेवटच्या प्रकारात विश्वासातल्या माणसाला सांगा आणि तक्रार करा.

साधं जुळत नसेल तर वेगळी गोष्ट. चार भेटींनंतरही मुद्दा ठरला नसेल, किंवा आठव्या आठवड्यात प्रश्नावलीतले गुण जागचे हललेच नसतील, तर त्यांनाच सांगा: "मला फरक वाटत नाहीये, काय बदलता येईल?" चांगला थेरपिस्ट याने दुखावत नाही. तो पद्धत बदलतो, मनोविकारतज्ज्ञांशी बोलतो किंवा दुसरं नाव देतो. न सांगता गायब होणं आपल्याला सोपं वाटतं, पण ज्यांचा त्रासच न बोलण्यातून वाढलाय त्यांच्यासाठी हे एक वाक्य समोर बसून बोलणं हासुद्धा उपचाराचा भाग आहे.

शेवटच्या दोन-तीन भेटी संपण्याबद्दलच असतात, त्या चुकवू नका. पुन्हा त्रास सुरू झाला तर पहिली खूण कुठली असेल, तेव्हा कुणाला फोन करायचा, महिन्यातून एकदा भेट ठेवायची का, हे तिथे लिहून घ्या. पहिल्या दिवशी काढलेला वर्तुळांचा कागद सोबत न्या. माझ्या कागदावर दादाचं नाव सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात होतं. चौदाव्या भेटीत मी ते एक वर्तुळ आत घेतलं, खोडून नव्हे, बाण काढून. वाटणीचा विषय अजून संपलेला नाही. पण आता त्याचा फोन आला की मी "बघू" म्हणत नाही.